चाकांवरचं टर्बाइन: फायरबर्डच्या तीन गाड्या

[दृश्य: न्यूयॉर्क, जानेवारी १९५४. वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलमधलं मोटोरामा, जनरल मोटर्सचं गाड्यांचं प्रदर्शन.]

नाक विमानाचं, पंख विमानाचे, शेपूटही विमानाचं. पारदर्शक घुमटाखाली चालकापुरती एकच जागा. नजर खाली चाकांवर गेली की कळतं, ही मोटार आहे. जनरल मोटर्सची फायरबर्ड १.

डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या मनात डग्लस स्कायरे हे त्रिकोणी पंखांचं जेट विमान भरलं होतं, तेच इथे जमिनीवर उतरलं. १९४८च्या कॅडिलॅकला पी-३८ विमानावरून शेपटीचे पंख मिळाले, तेही अर्ल यांच्याच काळात.

त्या काळातल्या बऱ्याच कन्सेप्ट गाड्यांचं, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर कल्पना दाखवायला बनवलेल्या गाड्यांचं, रूप उद्याचं असे आणि बॉनेटखाली नेहमीचं व्ही-८ इंजिन. १९५८ची फोर्ड न्यूक्लिऑन अणुभट्टीवर चालणार होती, पण ती खऱ्या मापाच्या ३/८ आकाराच्या मॉडेलपुढे गेलीच नाही. फायरबर्ड मात्र खरोखर टर्बाइनवर धावली. म्हणून तिच्या अडचणी पाहण्यासारख्या आहेत.

[दृश्य: टर्बाइनचा छेद. हवा निळी, जळालेला वायू लाल.]

कॉम्प्रेसर हवा दाबतो. त्या हवेत रॉकेल जळतं. तापलेला वायू आधी एक टर्बाइन फिरवतो, ते कॉम्प्रेसरला चालवतं; याचे फेरे मिनिटाला २६,०००पर्यंत जातात. उरलेल्या वायूवर दुसरं टर्बाइन फिरतं आणि ते मागच्या चाकांना जोर देतं. या दोन टर्बाइनांमध्ये दांडा नाही, गिअर नाही. मध्ये फक्त वायूचा झोत. ताकद ३७० हॉर्सपॉवर.

या सुट्या रचनेत क्लच लागत नाही, हा फायदा. तोटे दोन. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आधी कॉम्प्रेसरला वेग घ्यावा लागतो, मग गाडी उचल खाते. आणि पाय काढल्यावर पिस्टनचं इंजिन जसं गाडीला मागे ओढून धरतं, तसं इथे काही धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. म्हणून फायरबर्ड १चे ब्रेक ड्रम चाकांच्या बाहेरच्या बाजूला बसवले, वारा लागून लवकर गार व्हावेत म्हणून. शिवाय पंखांवर विमानासारख्या झडपा, वेग मोडण्यासाठी.

चाचणीत ताशी १६० किलोमीटरच्या आसपास दुसरा गिअर पडला आणि टायरांची पकडच सुटली. फायबरग्लासची हलकी बॉडी आणि एवढा जोर, रबर तरी कुठवर धरणार! चालकाने लगेच वेग उतरवला.

पण खरी अडचण मागे होती. एक्झॉस्टचं तापमान सुमारे ६७७ अंश सेल्सियस. रहदारीत हिच्या मागे कुणी उभं राहणार कसं? आणि ती सगळी उष्णता म्हणजे रॉकेलच, वापरात न येता बाहेर गेलेलं.

[दृश्य: फायरबर्ड २, १९५६.]

दुसऱ्या गाडीने या प्रश्नाला सरळ हात घातला. ही चार माणसांची, २०० हॉर्सपॉवरची. इंजिनात रीजनरेटर आला: सावकाश फिरणारा जाळीदार ड्रम. त्याचा एक भाग बाहेर निघालेल्या वायूत तापतो, फिरून ताज्या हवेत येतो आणि ती उष्णता तिला देतो. हवा आधीच गरम, म्हणून इंधन कमी लागतं. एक्झॉस्ट सुमारे ५५० अंशांनी उतरला. कल्पना सोपी आहे. कठीण आहे ते सील. ड्रमच्या एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला मोकळा वायू, आणि फट पडली की दाब निसटतो.

बॉडी टायटॅनियमची केली, तीही सहज झाली नसणार. हा पत्रा थंड वाकवला तर उसळून मागे येतो. उघड्या हवेत फार तापवला तर प्राणवायू शोषून ठिसूळ होतो.

[दृश्य: फायरबर्ड ३, १९५८. सात पंख, दोन घुमट.]

तिसरीत स्टिअरिंगच काढलं. दोन आसनांच्या मध्ये एक दांडी: पुढे ढकलली की वेग, मागे ओढली की ब्रेक, बाजूला झुकवली की वळण. टर्बाइन २२५ हॉर्सपॉवरचं. त्याच्या जोडीला १० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरांचं छोटं इंजिन दिलं, वीज आणि हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, कामं उरकण्यासाठी. मला या गाडीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते, कारण मोठं टर्बाइन मंद चालीतही इंधन पीतच राहतं.

[दृश्य: क्रायस्लरची टर्बाइन कार, तांबूस रंग.]

टर्बाइन सामान्य लोकांच्या हाती दिलं ते क्रायस्लरने. १९६३पासून ५० गाड्या २०३ जणांना आळीपाळीने वापरायला मिळाल्या. डिझेल चाले, रॉकेल चाले. शिसं घातलेलं पेट्रोल मात्र टाळायचं, कारण त्याचा थर आतल्या पात्यांवर बसतो, आणि पंपावर तेव्हा बहुधा तेच मिळे. सिग्नलला उभं असतानाही मिनिटाला १८,०००च्या वर फेरे चालूच. प्रयोग संपल्यावर बहुतेक गाड्या मोडीत काढल्या. उरल्या नऊ.

पुढे धुराचे नियम कडक झाले. ज्वलन जितकं तप्त, तितकं इंधन वाचतं आणि तितकेच धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, हे प्रदूषक वायू, वाढतात. तापमान उतरवलं की टर्बाइन पुन्हा रॉकेल ढोसू लागतं.

[दृश्य: तिन्ही फायरबर्ड एका रांगेत. इंजिनाची शिट्टी हळूहळू उतरत जाते.]