गोल्फ मैदानाचं गवत सांभाळायचंय? आधी बोलणं शिका

नमस्कार मंडळी. सुट्टीवर आलोय, रावेरला, घरच्या केळीच्या बागेत. हे बांधावरचं गवत ओळखलंत? (मुळासकट उपटून दाखवतो) हरळी! आपल्याकडे हिच्या काशा वेचून कंबर मोडते. आणि मी गेली 11 वर्षं पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर हीच वाढवायचा पगार घेतो. तिथे तिला बर्म्युडा म्हणतात. वाण संकरित, पान बारीक, पण कूळ हेच.

कृषी पदविका झालेली आपली पोरं विचारतात, दादा, या कामात यायला काय शिकू? खत, पाणी, रोग तुम्हाला येतं. गाडी अडते ती बोलण्यात.

माझंच सांगतो. चेंडू ज्या खळग्यात घालतात, त्याच्याभोवतीची हिरवळ म्हणजे ग्रीन. तिथलं गवत 3 ते साडेतीन मिलिमीटरवर कापतात. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून बघा, जवळपास तेवढंच. रोजच्या पायांनी खालची माती दबते. मग यंत्राने भोकं पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या आणि वाळू भरायची. पहिल्या वर्षी मी हे काम शुक्रवारी उरकलं, कोणाला न सांगता. शनिवारी सकाळी एक ज्येष्ठ सभासद ग्रीनवर उभे. "हे काय करून ठेवलंय?" मी म्हटलं, "सर, कॉम्पॅक्शन होतं, थॅच वाढला होता, एरेशन गरजेचं होतं." शब्द न् शब्द खरा (थॅच म्हणजे गवताच्या बुडाशी साचलेला मेलेल्या काड्या-मुळांचा थर). त्यांचा पारा आणखी चढला.

शेजारी आप्पा होते, तिथले जुने माळी. त्यांनी एक कांडी उचलून साहेबांच्या तळहातावर ठेवली. "बघा साहेब, पांढरी मुळी इथवर आली अन् थांबली. खाली हवाच नाही. दोन-तीन आठवडे द्या, भोकं बुजतील." साहेबांनी कांडी बोटांत दाबून पाहिली, वास घेतला. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

आप्पा बोलले तो आपला वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. शब्द माझ्या घरचा, आणि मी पुस्तकातले फेकत होतो!

आता दोन आठवडे आधी फळ्यावर लिहितो: काय करणार, का, आणि ग्रीन पूर्ववत कोणत्या तारखेला. "लवकरच" लिहायचं नाही. पावसाने तारीख हुकली, तर तेही त्याच दिवशी फळ्यावर.

दुसरं, भर दुपारचं शिंपडणं. बघणाऱ्याला वाटतं पाणी वाया चाललंय. आमचे माळी सांगतात, "साहेब, माठ पाझरतो म्हणून गार राहतो ना? तसं पान गार करतोय. मुळाचं पाणी पहाटेच दिलंय." हे वाक्य प्रत्येकाला आलंच पाहिजे, कारण लोक मला नाही, पाइप धरलेल्या माणसाला विचारतात. तो "मला नाही माहीत" म्हणाला, तर चूक माझी.

आणि ऐकायचंही असतं, मंडळी. कापणीच्या आधी आम्ही 10 मिनिटं उभ्याउभ्या बोलतो. मी शेवटी बोलतो. बुरशी लागली की पहाटे दवात गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. ते माळ्याला दिसतात. मी 9 वाजता फेरीला निघतो, तोवर दव उडालेलं असतं.