बैठकीत गप्प बसणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

बैठक चालू असते. साहेब विचारतात, "कुणाला काही सुचतंय?" सेकंदभर शांतता. मग नेहमीचे दोघं सुरू होतात, आणि कोपऱ्यात वहीत काहीतरी टिपत बसलेल्या बाई तोंड उघडायच्या आत विषय पुढे सरकतो. संध्याकाळी त्यांचा ईमेल येतो: खर्चाच्या अंदाजात चूक नेमकी कुठे आहे ते दाखवणारा. तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

अशा माणसाला आपण लाजाळू म्हणून मोकळे होतो. लाजाळूपणाच्या मुळाशी लोक काय म्हणतील ही भीती असते. अंतर्मुख माणूस घाबरलेला असेलच असं नाही. त्याला आधी मनात जुळवून मग बोलायचं असतं, इतकंच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला तोही मनाची ओढ आत आहे की बाहेर यावरून, धिटाईवरून नव्हे.

आता नेतृत्वाचं बघू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका पिझ्झा कंपनीची ५७ दुकानं त्यांनी तपासली. सांगितलं तेवढंच करणारे कर्मचारी जिथे होते, तिथे बहिर्मुख व्यवस्थापकांच्या दुकानांचा नफा १६ टक्के जास्त होता. पण स्वतःहून सूचना करणारे कर्मचारी असले की चित्र उलटं: बहिर्मुख व्यवस्थापकांचा नफा १४ टक्के कमी. कारण सरळ आहे. खालून आलेली कल्पना पुरती ऐकून घ्यावी लागते, आणि शांत वरिष्ठ ती ऐकून घेतो. म्हणून 'चांगला नेता कोण' यापेक्षा 'कोणत्या माणसांसाठी' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

बैठकीची घडी मात्र आपल्या हातात आहे. येल विद्यापीठात १९५८ मध्ये एक प्रयोग झाला. चौघं एकत्र बसून कल्पना काढणार; दुसरीकडे चौघं वेगवेगळे बसून लिहिणार आणि मग त्यांच्या याद्या एकत्र करणार. वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यातलं विसरतात.

तेव्हा असं करून बघा. बैठकीच्या आदल्या दिवशी विषयपत्रिका पाठवा. त्यात 'विक्रीवर चर्चा' असं मोघम न लिहिता प्रश्न लिहा: 'दर वाढवला तर कोणते तीन ग्राहक जातील?' बैठकीची पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर उत्तर लिहायचं. मग सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून वाचायला सुरुवात, साहेब शेवटी. हा क्रम मोडला की सगळं मुसळ केरात, कारण साहेबांचं मत कानावर पडलं की बाकीचे कागद मनातल्या मनात दुरुस्त होतात. ॲमेझॉनमध्ये तर बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण सहा पानांपर्यंतचं टिपण मुकाट्याने वाचतात.

आणखी एक चूक फार होते. गप्प माणसाला भर बैठकीत अचानक "तुम्ही बोला ना!" म्हणतात. तो गडबडतो, आणि 'याला काही सुचत नाही' असा शिक्का बसतो. त्याऐवजी आधीच सांगून ठेवा: "तिसऱ्या मुद्द्यावर मी तुम्हाला विचारणार आहे."

आता जे स्वतः अंतर्मुख असून वरिष्ठ पदावर आहेत त्यांच्यासाठी. तुमचं मौन तुमच्यासाठी विचार असतं, पण समोरच्याला ते नाराजी वाटते. कुणी प्रस्ताव आणला आणि तुम्ही नुसती मान हलवलीत, तर तो रात्रभर अर्थ लावत बसेल. म्हणून मनात चाललंय ते एका वाक्यात उघड सांगा: "मुद्दा कळला. पैशांचा भाग मला तपासायचा आहे, गुरुवारी दुपारपर्यंत सांगतो." आणि गुरुवारी दुपारी उत्तर द्याच, मग ते 'अजून दोन दिवस लागतील' एवढंच का असेना.

नमस्कार.