पाचशे रोपं आणि एक मोरी

माईक मागे ऐकू येतोय ना? बरं. अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि मागच्या दोन रांगांत हजेरीपुरती आणून बसवलेली आमची एनएसएसची मुलं. पत्रिकेत विषय छापलाय 'किनारी पाणथळ क्षेत्राचे पुनरुज्जीवन : लोकसहभाग आणि विद्यार्थी'. हे नाव माझं नाही, मी फोनवर फक्त 'खाजणाबद्दल बोलतो' म्हणालो होतो, खाजण म्हणजे खाडीकाठची भरतीचं पाणी येणारी दलदलीची जमीन.

आधी एक परीक्षा. राज्यप्राणी कोण? शेकरू, शाब्बास. राज्यफूल? ताम्हण. आता राज्याचा कांदळवन वृक्ष सांगा, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. बघा, फोनमध्ये शोधायला लागले सगळे! पांढरी चिपी हो, २०२० मध्ये जाहीर झालीये, आणि आपल्या पुलाखाली उभी आहे, तुम्ही रोज तिच्या अंगावर निर्माल्याची पिशवी टाकता.

तर आता ती रोपांची गोष्ट. काहींनी ती तीनदा ऐकलीय, त्यांनी बाहेर जाऊन चहा घेतला तरी चालेल. एका कार्यालयाने, नाव घेत नाही कारण माझा एक कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे, खाडीत कांदळवनाची पाचशे रोपं लावायचं ठरवलं. ओहोटीला मांडव, चिखलावर फळ्या, फळ्यांवर लाल गालिचा, पाहुण्यांना पांढरे बूट आणि नारळ फोडायला खाडीत दगड नाही म्हणून एक जण घरून पाटा घेऊन आलेला. फोटो झाले, भाषणं लांबली, आणि भरती काही कुणाचं भाषण संपायची वाट बघत नाही, तेव्हा आभारप्रदर्शन मांडवात न होता रस्त्यावर झालं. अमावास्येच्या उधाणात निम्मी रोपं गेली, उरलेल्यांवर कालवं बसून ती वाकली, आणि महिन्याने काळ्या पिशव्या तेवढ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तोच गालिचा.

तिथेच चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणारी एक काकी कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. ती मला म्हणाली, "मास्तरानू, हय कधी झाड नव्हतां. झाडां थय होती, रस्त्याच्या आत." मी जीवशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली आणि हे मला तिने सांगावं लागलं.

मग आम्ही रस्त्याच्या आत गेलो. रस्त्याखाली दोन मोऱ्या. (मोरी म्हणजे न्हाणीतली नव्हे, रस्त्याखालून पाणी जायची वाट, हे शहरातून आलेल्यांसाठी.) एक रुंदीकरणाच्या वेळी मुरुमाखाली गेलेली, दुसरीत फाटकी जाळी, थर्माकोल, आणि एक आख्खी खुर्ची. आत एप्रिलमध्ये जमिनीवर मीठ फुललेलं आणि तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाच्या, वाळक्या काठ्या. भरतीचं पाणी आत येत नाही म्हणून उन्हाळ्यात मीठ साचतं, पावसाचं पाणी बाहेर जात नाही म्हणून तिवराची वर आलेली श्वासाची मुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहतात. तहानेनं आणि गुदमरून, दोन्ही बाजूंनी मरण.

मुलांनी काय केलं, तर दोन बांबू घेतले, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग मारला, एक रस्त्याच्या बाहेर रोवला, एक आत, आणि पौर्णिमेला दर अर्ध्या तासाने वहीत आकडा. वेळ कुठून काढली? मुलांकडे अ‍ॅप होतं, आमच्याकडे एक म्हातारे होडीवाले. ते म्हणाले तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण अ‍ॅपची रेंज खाडीत जाते, म्हाताऱ्यांची गेली नाही. त्या दिवशी बाहेर पाणी कमरेला लागलं तेव्हा आत घोटासुद्धा धड भिजत नव्हता. ही वही माझ्या मते कुठल्याही...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मला पन्नास वाटली.

बरं, मुख्य मुद्दा भराभर सांगतो. कांदळवनाचं झाड भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात वाढतं, खालच्या उघड्या चिखलात पाणी फार वेळ उभं असतं, तिथे रोप लावणं म्हणजे मुलाला पोहायला शिकवायच्या आधी विहिरीत सोडणं. फिलिपिन्समध्ये अशाच चुकीच्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर लागवड झाली आणि बरीचशी मेली. उलट फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाच्या माणसाने वेस्ट लेकला आधी जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा नीट केल्या, बिया भरतीबरोबर आपल्या आपण आल्या. तिवराचं बी तरंगतं, कांदळ नावाच्या झाडाची शेंग झाडावरच रुजून खाली पडते, त्यांना नर्सरी नको, पाण्याची मोकळी वाट हवी.

आता कायदा. हायकोर्टाचा २००५ चा आदेश आहे, कांदळवनाची तोड बंद, पन्नास मीटरच्या आत बांधकाम नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे खाजणात फावडं घालायलाही आधी विचारावं लागतं. आम्ही अर्ज केला, साहेब बदलले, पुन्हा अर्ज केला. पाचशे रोपं लावली तर अहवालात पाचशे लिहिता येतात, मोरी साफ केली तर रकानाच नाही! शेवटी ग्रामपंचायतीने ठराव दिला, परवानगी आली, आणि मोरी मोकळी करायला एक रविवार पुरला. खुर्ची धुऊन शाळेत ठेवलीय.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुलांनी सुतळीचे चौकोन आखून रोपं मोजली, एकही आमच्या हातची नव्हती. निवटे आले, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते मासे, खेकड्यांची बिळं आली. एक कोपरा अजून तुंबलेलाच आहे, तिथे चर हवाय. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, त्यांच्याबद्दल बोलायचं होतं, राहिलं.

घंटा वाजवू नका, संपवतो. परवा अष्टमी. आठाची पाऊणपट किती, मागच्या रांगेतून सांगा. सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती आणि बाराला पाणी खाली. भांगाचं पाणी आहे, म्हणजे अष्टमीची लहान भरती-ओहोटी, फार उतरणार नाही, पण त्या कोपऱ्यातला चर आखता येईल. बाराला मोरीपाशी या, जुने कपडे घालून, आणि पाहुण्यांचे ते पांढरे बूट कुणाकडे राहिले असतील तर घेऊन या.