मतमोजणीत हरलेलं शहर

नमस्कार, श्रोतेहो.

अँड्र्यू कार्नेगी म्हटलं की अमेरिकेतलं पिट्सबर्ग आठवतं. पण १८४८ साली स्कॉटलंडहून आलेलं हे विणकराचं कुटुंब राहायला गेलं ते नदीपलीकडच्या ॲलिगेनीत. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू तिथल्याच सूतगिरणीत, आठवड्याला १ डॉलर २० सेंट मजुरीवर, बॉबिन बदलण्याच्या कामाला लागला. ॲलिगेनी तेव्हा वेगळं गाव होतं, त्याचा कारभारही वेगळा होता.

१७८८ साली आखलेलं हे गाव. मधोमध चौक, भोवती घरांसाठी चौकोनी तुकडे, आणि त्याभोवती सगळ्यांच्या गुरांसाठी राखलेलं गायरान. १८४० मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. पुढे गायरानाच्या जागी बाग झाली, जर्मन वस्ती वाढली, हाइन्झचा लोणची-सॉसचा कारखाना आला. मोठा झालेल्या कार्नेगीने पैसा दिला आणि १८९० साली सार्वजनिक वाचनालय उघडलं. उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष हॅरिसन आले होते. १९०० च्या जनगणनेत ॲलिगेनीची लोकसंख्या होती १,२९,८९६, आणि पिट्सबर्गची ३,२१,६१६.

हे दोन आकडे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यांचाच आहे.

पिट्सबर्गला मोठं व्हायचं होतं. देशातल्या शहरांच्या यादीत वर चढायचं, तर नदीपलीकडची सव्वा लाख माणसं आयतीच समोर होती. ॲलिगेनीकर मात्र बधत नव्हते. मग १९०६ साली, ही दोन्ही शहरं ज्या राज्यात होती त्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने कायदा केला. विलीनीकरणावर मतदान घ्यायचं, आणि दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजायची. निकाल काय लागणार हे कुणालाही सांगता आलं असतं! ॲलिगेनीत विरोधाची मतं विलीनीकरणाच्या बाजूने पडलेल्या मतांच्या जवळजवळ दुप्पट पडली, पण मोठ्या शेजाऱ्याच्या मतांत ती विरघळून गेली. माझ्या मते, दोन शहरांची मतं एकाच ढिगात ओतली, तिथेच हा कौल ठरला होता.

ॲलिगेनीकर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं अगदी घरपट्टी भरणाऱ्याचं होतं. आमचे रस्ते आम्ही केले, विजेचे दिवे आम्ही बसवले, पाण्याची सोय आम्ही केली. आता पिट्सबर्गच्या कामांचा आणि कर्जाचा भार आम्ही का उचलायचा? आमच्याकडून गोळा केलेला कर आमच्याच शहरावर खर्च होईल, असा शहराशी आमचा अलिखित करारच आहे.

प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८ नोव्हेंबर १९०७ च्या निकालात न्यायमूर्ती मूडी यांनी हा करार साफ नाकारला. शहर ही राज्याने आपल्या कामासाठी निर्माण केलेली यंत्रणा आहे. तिची हद्द राज्य वाढवू शकतं, घटवू शकतं, तिला दुसऱ्या शहरात मिसळू शकतं, आणि त्यासाठी नागरिकांची संमती लागत नाही. त्यांचा विरोध असला तरीसुद्धा! ‘हंटर विरुद्ध पिट्सबर्ग’ हा खटला अमेरिकेत स्थानिक स्वराज्याच्या वादांत आजही पुढे केला जातो.

डिसेंबर १९०७ मध्ये ॲलिगेनीची पिट्सबर्गची ‘नॉर्थ साइड’ झाली. १९१० च्या जनगणनेत पिट्सबर्ग ५,३३,९०५ वर पोहोचलं. दोन्हीकडे एकाच नावाचे रस्ते होते, म्हणून कित्येक रस्त्यांची नावं बदलावी लागली. जुन्या सिटी हॉलच्या जागी १९३९ साली तारांगण उभं राहिलं. हे एक वेळ समजू शकतं. पण १९६० च्या दशकात पुनर्विकासाच्या नावाखाली मधल्या चौकाभोवतीच्या इमारती पाडल्या, १९६५ साली मंडईची देखणी इमारतही गेली आणि तिथे व्यापारी संकुल आलं. तेव्हा हे शहर दुसऱ्यांदा पुसलं गेलं असं मला वाटतं. पहिल्या वेळी निदान मतदान तरी झालं होतं.

वाचनालय त्यातून वाचलं. २००६ साली त्याच्या मनोऱ्यावर वीज पडली, दगड कोसळले आणि ते बंद झालं. नवं वाचनालय २००९ मध्ये जवळच उघडलं. जुन्या इमारतीत आता शेजारच्या बालसंग्रहालयाचा एक विभाग आहे.