मुंबईची सागवानी ‘सुहैली’

(दृश्य: पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केलेली बोट)

लांबी जेमतेम 32 फूट. दोन डोलकाठ्या, अंग सगळं सागवानी. ही ‘सुहैली’. 1968-69च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हिच्यातून एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता जगप्रदक्षिणा करून आले. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. ती गोष्ट बरेचदा सांगितली जाते. बोट मुंबईत बांधली गेली, हे मात्र ओझरतं येतं.

(दृश्य: फळ्यांचे सांधे, अगदी जवळून)

नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते, मुक्काम मुंबईत. बोट घडवली इथल्या सुतारांनी. हातात वाकस आणि कमानीने फिरणारं गिरमिट. जाड सागवान तासायचं, फळीला फळी भिडवायची, फटीत कापूस ठासायचा. घाई करून हे काम होत नाही.

(दृश्य: बोटीचा मागचा भाग, मग तळ)

आराखडा तेव्हाही जुनाच. अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांनी 1920च्या दशकात काढलेला, नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव-बोटींवर बेतलेला. पुढून निमुळती, तशीच मागूनही. त्यामुळे पाठून येणारी लाट सपाट फळीवर आदळत नाही, दुभंगते. आणि हा तळाचा लांबलचक कणा. याच्यापायी बोट चटकन वळत नाही, बंदरात शिरताना जीव खाते. पण भर समुद्रात तीच खोड कामी येते. ऑस्ट्रेलियाच्या आसपास दिशा धरून ठेवणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधला की बोट आपली वाट धरून चालायची आणि माणसाला झोप मिळायची.

(दृश्य: दोन्ही डोलकाठ्या, उभारलेली शिडं)

शिडं दोन काठ्यांवर वाटलेली, म्हणून एकेक शीड एका माणसाला आवरतं. वेग मात्र बेताचाच, सरासरी चार नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर.

(दृश्य: कण्यालगतचा सांधा)

अटलांटिकमध्ये इथून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बुडी मारली, फटीत कापूस भरला, वर तांब्याची पट्टी ठोकली. हातोडी-खिळ्यांनी भर समुद्रात दुरुस्त होते, हा लाकडी बोटीचा सगळ्यात मोठा गुण, असं आम्हाला वाटतं.

312 दिवसांनी बोट इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात परतली. शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी एकानेच केली.

(दृश्य: डेकवरचं काम)

पुढे लंडनजवळच्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेत लाकूड आटायला लागलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडली.