मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर लघवी आणि शौचाची व्यवस्था

मणक्याला मार लागून कमरेखालची शक्ती गेलेला रुग्ण घरी परततो, तेव्हा नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो चालण्याविषयी. ते स्वाभाविकच आहे. परंतु हा माणूस सातपूरच्या कारखान्यात पुन्हा कामावर जाईल की नाही, पंचवटीतल्या आपल्या दुकानात बसेल की नाही, हे पुष्कळदा पायांपेक्षा लघवी आणि शौच यांच्या व्यवस्थेवर ठरते, आणि नेमके त्याविषयीच आपण संकोचाने गप्प राहतो.

मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूकडे आणि ते रिकामे करण्याचा आदेश खाली, हे दोन्ही मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूतून जातात. मूत्राशय व गुदद्वाराचे नियंत्रण करणारे खंड, म्हणजे रज्जूचे भाग, तिच्या अगदी खालच्या टोकाशी आहेत. इजा त्यांच्या वर असेल तर मूत्राशय मेंदूला न विचारता आकुंचन पावते आणि अनेकदा त्याच वेळी लघवीची वाट बंद ठेवणारा बाहेरचा स्नायूही आवळला जातो. आतला दाब वाढून मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. इजा त्या खंडांनाच असेल तर मूत्राशय सैल पडून तुडुंब भरते आणि लघवी थेंबथेंब गळते. म्हणून गळते आहे म्हणजे रिकामे होते आहे, असे कृपया समजू नका.

मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली मांडले की, ठरावीक वेळाने स्वच्छ कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची बारीक नळी, स्वतः घालून मूत्राशय रिकामे करावे. त्यासाठी शस्त्रक्रियागृहातले निर्जंतुकीकरण अनिवार्य नाही, कारण लघवी साचून मूत्राशय ताणले जाणे हेच संसर्गाचे मोठे कारण आहे. आज साधारणपणे दर चार ते सहा तासांनी, एका वेळी ५०० मिलिलीटरच्या आत, असे प्रमाण सांगितले जाते. हात चालत असतील तर हे रुग्णानेच शिकावे, आईने किंवा पत्नीने नव्हे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कपडे भिजू नयेत म्हणून घरचे लोक, अगदी वैशाखाच्या उन्हातही, रुग्णाचे पाणी तोडतात. त्यामागे माया असते, पण त्यातून लघवी दाट होते, संसर्ग आणि मूतखडे वाढतात आणि शौचही कडक होते. पाणी दिवसभर विभागून द्यावे, संध्याकाळनंतर कमी करावे.

शौचाची वेळ रोज एकच ठेवावी. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, तिचा उपयोग करून अर्ध्या तासाच्या आत कमोडच्या खुर्चीवर बसवावे. ती खुर्ची गादीची असावी, कारण संवेदना नसलेल्या कातडीला कडक कडेवर लवकर जखम होते.

इजा मज्जारज्जूच्या छातीच्या भागातील सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि अचानक डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक चढला असण्याची शक्यता असते. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर लावलेले असेल तर त्याची नळी दुमडली आहे का पाहा. तुंबलेले मूत्राशय हे याचे सर्वांत नेहमीचे कारण असते. उतार पडला नाही तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

आणि सिंहस्थासाठी आपल्या शहरात जी स्वच्छतागृहे उभी राहतील, त्यांत चाकाची खुर्ची वळण्याइतकी जागा, कॅथेटर ठेवण्यासाठी एक फळी आणि बसल्या हाती पोहोचेल असा नळ असावा, ही मागणी आपण नाशिककरांनी आत्ताच लेखी करायला हवी.