किरायाच्या चार खोल्या

(सकाळ. अंगण. खराट्याचा आवाज.)

वणीवरून वरोऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेची पऱ्हाटी हिरवी कमी आणि काळी जास्त दिसते, कोळशाची भुकटी बसते पानांवर. या बाई रोज सकाळी अंगण झाडतात आणि टिप्पर सुरू झाले की दुपारपर्यंत परत पायाचे ठसे उमटायला लागतात. मागं ती पत्र्याची लांब लाइन दिसते ना, चार खोल्या, चार दारं, ती यांनी किरायानं द्यायला बांधली. चारही दारांचे रंग वेगळे आहेत, कारण दुकानदाराकडे उरलेले डबे स्वस्तात भेटले, बाकी काही नाही.

बाईंचे मालक, आपले काकाजी, कास्तकार. वावराचा एक तुकडा खाणीत गेला, मोबदला खात्यावर आला, आणि आता ही बातमी प्लॉटवाल्यांना कुठून लागते देव जाणे, आठवड्याभरात तीन गाड्या याच अंगणात उभ्या. हा बघा त्यातल्या एकाचा नकाशा, काकाजींनी अजून जपून ठेवलाय. गार्डन, मंदिर, चाळीस फुटी रोड, कोपऱ्यात पोहायचा तलाव. आणि ही तीच जागा, आम्ही मुद्दाम जाऊन शूट केली. कमरेएवढी तूर आहे. तलावाच्या जागी बांधावर एक बकरी.

"एनए होऊनच राह्यलं समजा," असं त्यांना सांगितलं होतं, म्हणजे शेतजमीन बिगरशेती झालीच म्हणून समजा. हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात परत ठेवायचं. आधी सातबारा बघायचा, आणि एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला नाही, आपण स्वतः काढलेला. त्यात भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघायचं. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही, भले मालक तुमच्यासमोर बसून चहा पीत असो. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का ते वाचायचं. आपल्याकडे अजून दोन गोष्टी जास्तीच्या. विनोबांचं पवनार याच विदर्भात, त्यामुळे भूदानातल्या जमिनी बऱ्याच गावांत आहेत आणि त्या बाजारात विकायच्या नसतात. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे, शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं विकण्यावर बंधन घालणारा, त्यात मधून मधून बदल होत राहतात, म्हणून आजचा नियम काय ते तलाठ्याला विचारायचं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणते).

गावठाणातलं घर घेणाऱ्यांचा घोळ वेगळाच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हातात आला की लोकांना वाटते घर आपल्या नावचं झालं. तो घरटॅक्सचा उतारा आहे हो. टॅक्स कोण भरते ते त्यावर कळते, मालकी त्यानं सिद्ध होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले, चुन्याच्या रेषा मारल्या, मिळकत पत्रिका निघाल्या. तुमच्या गावात निघाली असेल तर ती मागा. काकाजींची ही बघा, लॅमिनेट केलेली, कोपऱ्यावर हळदीचं बोट लागलेलं.

तर काकाजींनी प्लॉट नाही घेतला. स्वतःच्याच परसात बांधलं.

(मीटरांची रांग, जवळून.)

प्रत्येक खोलीला वेगळं सबमीटर. हे काम बरेच जण कंजुषीनं टाळतात आणि मग लाइट बिलावरून दर महिन्याला भांडण. हिशेब पण नीट करायचा. चार खोल्या, तीन हजारानं, बारा महिने, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस, असं सगळे सांगतात. काकाजी दहाच महिने धरतात, एक लाख वीस. ठेकेदाराचे मजूर बदलले की खोली महिना-दीड महिना रिकामी, बोअरची मोटर जळते, पत्रा उडते, घरटॅक्स आहेच. लाखाच्या आसपास हातात राहिले तर खूप. इन्कम टॅक्समध्ये मात्र एक सोय आहे, किरायातून भरलेला घरटॅक्स वजा करून जे उरते त्यातले तीस टक्के सरळ वजा होतात, त्याच्या पावत्या कोणी मागत नाही. खाण बंद झाली तर खोल्यांचं काय, याचं उत्तर काकाजींकडे नाही, आमच्याकडेही नाही.

आता करार. गावात अकरा महिन्यांचा कागद नोटरी करून मोकळे होतात. हे अकरा कुठून आलं? १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीची लीज नोंदवणं सक्तीचं, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, त्याच्या कलम ५५नं करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायेदार सांगेल ते धरलं जाते, खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. हा कायदा ठरवून दिलेल्या क्षेत्रांनाच लागतो, तुमचं गाव त्यात येते का यावर वकिलांना वाद घालू द्या. नोंदवायला कोणी अडवत नाही ना? लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार केला तर स्टँप ड्युटी एकूण किरायाच्या पाव टक्का, अधिक डिपॉझिटवरचा थोडा हिशेब, तीन हजाराच्या खोलीला शंभराच्या आतबाहेर. ग्रामीण भागात नोंदणी फी पाचशे. वरून सेंटरवाल्याचे पैसे.

(ई-सेवा केंद्र. मशीनवर अंगठा.)

लाल लाइट. परत लाल. कापूस वेचून, विळा धरून अंगठ्यावरच्या रेषाच उरल्या नाहीत. पोऱ्या म्हणतो काकाजी डोक्याला घासा, तेल लागू द्या. घासतात. परत लाल. बाजूला बसलेली नवी किरायेदार, आरोग्य केंद्रातली सिस्टर, आपल्या पर्समधून व्हॅसलीनची डबी काढून देते.

विश्वासावर का नाही दिली खोली, असं आम्ही विचारलं तर काकाजी म्हणाले, "वावर घेतलं तवा माह्या किती कागदांवर अंगठे घेतले त्यायनं. मंग माह्या खोलीले एक कागद नोको?"

पाचव्यांदा हिरवा लाइट लागतो.

(शेजारचं घर. कुलूप. ओट्यावर म्हातारी.)

या आजींनी तोंडी बोलीवर दिली होती. तीन वर्षं झाली, तारखा चालू आहेत.

संध्याकाळी सिस्टरचं सामान आलं, एक गादी, एक कूलर, सिलेंडर. किरायेदाराची माहिती पोलिसांच्या वेबसाइटवर मुलानं भरून दिली. काकाजी तिला घेऊन मीटरसमोर उभे राहिले, फोटो तिच्याच मोबाइलमध्ये काढायला लावला, आणि आकडा मोठ्यानं वाचला, एक-चार-दोन-सहा. मग खडूनं दाराच्या मागं लिहिला. टिप्पर गेला, बाईंनी खराटा उचलला.